विश्लेषण : खाज थांबते, तरी गजकर्ण का जात नाही?

दसरा झाला की शिरूर कासार तालुक्यातील गावांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. भांडीकुंडी, लेकरे आणि पाच-सहा महिन्यांचा संसार घेऊन ही कुटुंबे अहिल्यानगर, सोलापूर, सांगली, कोल्हापूरपासून थेट कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या परिसरापर्यंत जातात. दिवसभर फडात घामाने भिजलेले अंग, रात्री कोपीतील दाटीवाटी, आंघोळीला मोजके पाणी आणि एकाच दोरीवर वाळणारे सगळ्यांचे कपडे, अशा राहणीत एक आजार हमखास फोफावतो. तो म्हणजे गजकर्ण, अर्थात नायटा.

गजकर्णाने सहसा कोणी दगावत नाही. त्यामुळे त्याची चर्चा होत नाही आणि मेडिकलमधून आणलेल्या एखाद्या ट्यूबवर काम भागवले जाते. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत भारतातील गजकर्ण बदलले आहे. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत बरा होणारा आजार आता महिनोनमहिने रेंगाळतो, बरा झाला असे वाटून पुन्हा उलटतो आणि एकाकडून घरातील सगळ्यांपर्यंत पोहोचतो. असे का झाले, याचे उत्तर ही बुरशी काय खाते आणि आपण तिच्यावर काय चोळतो, या दोन गोष्टींत आहे.

ही बुरशी नेमके काय खाते?

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर, केस आणि नखे ज्या प्रथिनापासून बनतात, त्याला केराटिन म्हणतात. जनावरांची शिंगे, खूर, मेंढीची लोकर आणि पक्ष्यांची पिसेही त्याचीच बनलेली असतात. केराटिन अतिशय चिवट असते. त्याच्या धाग्यांमध्ये गंधकाचे दुवे असतात आणि ते धाग्याला धागा घट्ट बांधून ठेवतात. केस जळल्यावर येणारा उग्र वास याच गंधकाचा. या दुव्यांमुळे केराटिन पाण्यात विरघळत नाही आणि बहुतेक जंतूंना ते पचतही नाही.

काही मोजक्या बुरशींना मात्र ते पचते. त्वचारोगाला कारणीभूत ठरणाऱ्या अशा बुरशींना शास्त्रीय भाषेत डर्मॅटोफाइट म्हणतात. ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम आणि एपिडर्मोफायटॉन ही त्यांची जुनी, परिचित कुळे. त्यांची पचनाची पद्धत दोन टप्प्यांची आहे. आधी त्या सल्फाइट नावाचे रसायन बाहेर सोडतात. त्याने गंधकाचे दुवे तुटतात आणि केराटिनची वीण सैल होते. मग प्रथिने कापणारी विकरे सोडून त्या धाग्यांचे बारीक तुकडे करतात आणि ते शोषून घेतात. म्हणजे पचन आधी शरीराबाहेर होते आणि अन्न नंतर आत जाते.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. केस आणि नखांचा आपल्याला दिसणारा भागही मृतच. म्हणून तर ते कापताना दुखत नाही. ही बुरशी याच मृत थरात राहते. खालच्या जिवंत पेशींत शिरणे तिला सहसा जमत नाही. शरीराची प्रतिकारशक्ती तिला अडवते, रक्तातील प्रथिने तिला लागणारे लोह बांधून ठेवतात आणि तिच्या बहुतेक जातींना शरीराच्या आतील उष्णताही फारशी मानवत नाही. त्यामुळे गजकर्ण रक्तात उतरते किंवा रक्त खराब झाल्याने होते, हा समज चुकीचा आहे. ते बाहेरून लागते आणि वरच्या थरातच पसरते.

ती आली कुठून?

मूळची मातीतून. जनावरांचे केस, पक्ष्यांची पिसे, मेलेल्या प्राण्यांची कातडी हे सगळे जमिनीवर पडते, तरी त्याचे ढीग साचत नाहीत. याचे श्रेय बऱ्याच अंशी मातीतील केराटिनभक्षी बुरशींना जाते. बेल्जियमचे बुरशीतज्ज्ञ रेमंड व्हानब्रुसेगेम यांनी १९५२ मध्ये त्या शोधण्याची एक साधी युक्ती मांडली. ओलसर माती एका बशीत घ्यायची, त्यावर निर्जंतुक केलेले केस पसरायचे आणि काही आठवडे थांबायचे. केसांवर पांढुरकी बुरशी चढू लागते. जगभरातील प्रयोगशाळांत आजही ही पद्धत वापरली जाते.

मातीतील या बुरशींपैकी काही पुढे प्राण्यांच्या अंगावर राहू लागल्या आणि काही केवळ माणसावर. गोठ्यातील वासरांच्या डोळ्यांभोवती किंवा मानेवर राखाडी, जाड खपल्यांचे गोल चट्टे अनेक शेतकऱ्यांनी पाहिलेले असतील. ते बहुधा ट्रायकोफायटॉन व्हेरुकोजम या बुरशीचे असतात. अशा वासराला हाताळणाऱ्याच्या हातावर किंवा दाढीच्या जागी तोच संसर्ग होऊ शकतो. प्राण्यांकडून आलेला संसर्ग जास्त लाल, सुजलेला आणि दुखरा असतो. माणसावरच रुळलेली बुरशी मात्र कमी त्रास देत दीर्घकाळ टिकते.

रोग जंतूंमुळे होतात हे सिद्ध होण्याच्या इतिहासातही या बुरशीला मानाचे स्थान आहे. पॅरिसमध्ये काम करणारे डॉ. डेव्हिड ग्रुबी यांनी १८४१ मध्ये डोक्याच्या त्वचेचा एक चिवट रोग बुरशीमुळे होतो, हे दाखवून दिले. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जिवाणू जाहीर केला तो १८८२ मध्ये, म्हणजे त्यानंतर चार दशकांनी.

खाज आणि गोल चट्टा कशामुळे?

बुरशी मृत थर खात असते, तेव्हा आपल्याला काहीच जाणवत नाही. तिच्यातून झिरपणारे पदार्थ खालच्या जिवंत पेशींपर्यंत पोहोचतात, तेव्हा शरीर सावध होते. तिथे रक्तपुरवठा वाढतो, संरक्षक पेशी गोळा होतात, जागा लाल होते आणि खाज सुटते. म्हणजे लाली आणि खाज हे बुरशीचे काम नसून आपल्या शरीराने तिच्याविरुद्ध पुकारलेल्या लढ्याचे लक्षण आहे.

गोल आकाराचे कारणही हेच. एका ठिकाणी पडलेली बुरशी सर्व बाजूंनी सारख्या वेगाने बाहेर पसरते. मध्यभागी लढा बराचसा आटोपलेला असतो, म्हणून तिथली त्वचा स्वच्छ दिसू लागते. कडेला मात्र ताजी बुरशी आणि ताजा विरोध असतो. त्यामुळे कड उंच, लाल आणि खपल्यांची दिसते. मधला भाग बरा दिसला म्हणून आजार उतरला असे समजू नये. तो कडेने पुढे सरकत असतो. मलम लावतानाही चट्ट्याच्या कडेबाहेर सुमारे दोन सेंटिमीटरपर्यंत लावावे, असे डॉक्टर सांगतात, ते यासाठीच.

स्टेरॉइडचे मलम लावल्यावर काय होते?

खाज आणि लाली ही शरीराची प्रतिक्रिया असेल, तर ती प्रतिक्रियाच दाबून टाकली की खाज थांबणार. स्टेरॉइड नेमके हेच करते. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असलेले मलम लावले, की एक-दोन दिवसांत आराम पडतो. रुग्णाला वाटते, औषध लागू पडले. शेजाऱ्यालाही तीच ट्यूब सुचवली जाते.

प्रत्यक्षात बुरशी तिथेच असते आणि आता तिला अडवणारे कोणी नसते. ती अधिक वेगाने, अधिक मोठ्या भागावर पसरते. ट्यूब बंद केली की दाबलेली प्रतिक्रिया उसळून वर येते आणि आधीपेक्षा जास्त आग व खाज होते. रुग्ण पुन्हा तीच ट्यूब आणतो. हे चक्र कधी महिने, तर कधी वर्षे चालते. स्टेरॉइडमुळे गजकर्णाचे मूळ रूपही बदलते. गोल कड दिसेनाशी होते, वर्तुळात वर्तुळे उमटतात, कधी पुरळासारखे दाणे येतात. ब्रिटनमधील आइव्ह आणि मार्क्स या डॉक्टरांनी १९६८ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन करताना त्याला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेश पालटलेले गजकर्ण, असे नाव दिले. भारतातील त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या रुग्णांत आज हे रूप सर्रास दिसते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. जांघ आणि काख येथील त्वचा पातळ असते. तिथे आठवडेच्या आठवडे तीव्र स्टेरॉइड लावल्यास ती आणखी पातळ होते आणि तिच्यावर लालसर, रुंद वण उमटतात. गर्भारपणानंतर पोटावर दिसतात तसे हे वण पुढे फिके होतात, पण पूर्ण जात नाहीत.

स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, हेही सांगायला हवे. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते उपयोगी पडते. चूक होते ती बुरशीच्या आजारावर ते स्वतःच्या मनाने चोळण्यात.

औषधे पूर्वीसारखी लागू का पडत नाहीत?

बुरशीच्या पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो घडवण्यासाठी तिला एर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो. टर्बिनाफिन हे १९९०च्या दशकापासून जगभर वापरले जाणारे औषध या पदार्थाच्या निर्मितीतील एक विकर बंद पाडते. विकर बंद पडले की पडदा कमकुवत होतो, शिवाय पेशीत नको तो पदार्थ साचतो आणि बुरशी मरते. अनेक वर्षे हे औषध गजकर्णावर हुकमी मानले जात होते.

भारतात पसरलेल्या नव्या बुरशीने मात्र त्या विकराच्या जनुकातच बदल घडवला आहे. विकराची घडण एका ठिकाणी बदलली, की औषधाला तिथे नीट चिकटता येत नाही. कुलपाची आतली खाच बदलल्यावर जुनी किल्ली फिरत नाही, तसेच हे. पूर्वी भारतात ट्रायकोफायटॉन रुब्रम ही बुरशी सर्वाधिक आढळे. गेल्या दशकात तिची जागा मेंटाग्रोफायटिस गटातील एका प्रकाराने घेतली. जपानमधील संशोधकांनी २०२० मध्ये त्याला स्वतंत्र जात मानून ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ असे नाव दिले. भारताचे नाव अशा रीतीने रोगाला चिकटवण्यावर आक्षेपही घेतले गेले. पण नाव कोणतेही असो, बुरशी खरी आहे.

ती आता भारतापुरती राहिलेली नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण आणि प्रतिबंध केंद्राने मे २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील दोन महिला रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्या देशात या बुरशीची ही पहिलीच नोंद होती. दोघींनाही टर्बिनाफिनचा उपयोग झाला नाही. त्यांपैकी एक बांगलादेशात जाऊन आली होती. दुसरीने मात्र अलीकडे परदेश प्रवास केलेला नव्हता. म्हणजे बुरशी तिथे स्थानिक पातळीवर पसरू लागली होती, असा त्याचा अर्थ निघतो.

स्टेरॉइडमिश्रित मलमांचा आणि या बुरशीचा संबंध तज्ज्ञ वारंवार अधोरेखित करतात. एकाच ट्यूबमध्ये थोडे स्टेरॉइड, थोडे बुरशीनाशक आणि थोडे प्रतिजैविक असेल आणि ती चार दिवस लावून सोडली जात असेल, तर बुरशी मरत नाही. तिला औषधाची केवळ ओळख होते. त्यातही औषधाला दाद न देणारी बुरशी उरते आणि तीच पुढे पसरते.

याचा अर्थ उपाय संपले असा नाही. इट्राकोनाझोल हे औषध एर्गोस्टेरॉलच्या निर्मितीतील वेगळ्या टप्प्यावर घाव घालते, त्यामुळे ते बहुतेक रुग्णांत अजून उपयोगी पडते. मात्र ते यकृतावर ताण आणू शकते, इतर अनेक औषधांशी त्याचे पटत नाही आणि गर्भवतींसाठी ते योग्य नाही. म्हणून ते चिठ्ठीशिवाय घेऊ नये. उपचारही आता लांबले आहेत. दोन-तीन आठवड्यांऐवजी सहा ते आठ आठवडे, प्रसंगी त्याहून अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते.

ट्यूबवर काय वाचावे?

केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्वचेवर लावण्याची १४ स्टेरॉइड औषधे ‘अनुसूची एच’मध्ये स्पष्टपणे आणली. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. तरीही मिश्र मलमे सहज हाती पडतात, असा अनुभव डॉक्टर सांगतात. त्यामुळे वाचून घेणे ही ग्राहकाचीही गरज आहे.

ट्यूबवरील अक्षरे बारीक असतात. मोबाइलने त्यांचा फोटो काढून मोठा करून पाहावा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही नावे स्टेरॉइडची. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, ल्युलिकोनाझोल, केटोकोनाझोल ही बुरशीनाशके. ढोबळ खूण अशी, की शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ आले तर बहुधा स्टेरॉइड आणि ‘नाझोल’ किंवा ‘माझोल’ आले तर बुरशीनाशक. ‘सोल’ आणि ‘झोल’ यांत गल्लत होऊ देऊ नये. दोन्ही गटांतील नावे एकाच ट्यूबवर दिसली, तर ती गजकर्णावर स्वतःहून लावू नये.

चिखल्या, शिबे, चाई, खरूज हे सगळे एकच का?

नाही. गावात ही नावे सरमिसळ वापरली जातात आणि तिथेच चुकीच्या औषधाची सुरुवात होते. पायाच्या बोटांच्या बेचक्यात ओल राहून त्वचा पांढरी पडते, सोलते, त्या चिखल्यांत बहुतेकदा केराटिन खाणारी बुरशीच असते. नखे जाड, पिवळट आणि ठिसूळ होणे हेही बऱ्याचदा तिचेच काम. हाताचे नख पूर्ण बदलायला साधारण सहा महिने आणि पायाच्या अंगठ्याचे नख बदलायला वर्ष-दीड वर्ष लागते, म्हणून नखांचे उपचार सर्वांत लांब चालतात. लहान मुलांच्या डोक्यावर खपल्या येऊन केस मुळापाशी तुटत असतील, तर तेही गजकर्ण असू शकते. तिथे नुसते मलम पुरत नाही. बुरशी केसाच्या मुळापर्यंत गेलेली असते, म्हणून पोटातून औषध द्यावे लागते.

शिबे म्हणजे छाती-पाठीवरचे फिकट डाग. तीही बुरशीच, पण वेगळी. ती त्वचेवरील तेलकट पदार्थांवर जगते, केराटिनवर नाही. चाई पडते, म्हणजे गुळगुळीत गोल टक्कल पडते, तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांवर उलटलेली असते. तिथे बुरशी नसतेच. खरूज एका सूक्ष्म किड्यामुळे होते. तिची खाज रात्री वाढते आणि बोटांच्या बेचक्यांत, मनगटांवर बारीक फोड दिसतात.

प्रत्येक केसगळतीला बुरशी म्हणू नये, याचा धडा महाराष्ट्राला जानेवारी २०२५ मध्ये मिळाला. बुलडाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील काही गावांत अवघ्या काही दिवसांत अनेकांचे केस हाताने ओढले तरी निघू लागले. सुरुवातीला दूषित पाणी आणि बुरशीचा संसर्ग यांची शंका घेतली गेली. मात्र बुरशी अशी वागत नाही. ती सावकाश पसरते, ठिगळाठिगळाने केस तोडते आणि डोक्यावर बहुतांशी मुलांना गाठते. पुढे लक्ष सेलेनियमकडे गेले. विंचूदंशावरील कामासाठी ओळखले जाणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या नमुन्यांत आणि रेशनच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण खूप जास्त आढळल्याचे मांडले. सेलेनियम जास्त झाले, की ते केराटिनमधील गंधकाची जागा बळकावते आणि केस व नखे कमजोर होतात. काही महिन्यांनी त्याच भागात नखे गळण्याच्या तक्रारीही आल्या. म्हणजे हल्ला केराटिनवरच झाला होता, पण बुरशीकडून नव्हे.

शंका असेल तेव्हा एक साधी तपासणी पुरते. चट्ट्याच्या कडेची थोडी खपली खरवडून काचपट्टीवर घेतात आणि तिच्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात. केराटिन विरघळते आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली उघडे पडतात. तिला फार यंत्रसामग्री लागत नाही आणि निकालही लवकर कळतो. वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांत ती केली जाते. बीड जिल्ह्यात असे शासकीय महाविद्यालय आहे ते अंबाजोगाईला, म्हणजे शिरूर कासारपासून जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. म्हणूनच आजार लवकर दाखवणे इथे जास्त महत्त्वाचे ठरते.

तरोट्याचा उपाय खरा की खोटा?

पावसाळ्यात बांधावर उगवणारा तरोटा, म्हणजेच टाकळा, भाजी म्हणून खाल्ला जातो. संस्कृतात त्याला चक्रमर्द म्हणतात. चक्राकार चट्ट्यांचे मर्दन करणारा, असा त्याचा अर्थ. चरक आणि सुश्रुत या दोघांच्याही संहितांत गजकर्णाचा ‘दद्रू’ म्हणून उल्लेख आहे. तरोट्याच्या बियांत क्रायसोफॅनॉलसारखी द्रव्ये असतात. त्यांच्याशी नाते सांगणारे एक द्रव्य एकोणिसाव्या शतकात ‘गोवा पावडर’ या नावाने गजकर्णावर प्रसिद्ध होते. मुंबई-गोव्यात विकली जाणारी ही पिवळट भुकटी मुळात ब्राझीलमधील एका झाडाची होती, असे पुढे उघड झाले.

तेव्हा परंपरेत तथ्य नाही असे नाही. पण वाटलेल्या बियांत द्रव्य किती, ते किती खोल जाते, याचा हिशेब नसतो आणि अंगभर पसरलेल्या आजच्या बुरशीला ते पुरे पडत नाही. लसूण, चुना, रॉकेल असे जहाल उपाय तर टाळावेतच. त्यांनी त्वचा भाजते आणि जखमेत पू होतो.

ऊसतोडीच्या हंगामात उपचार कसे बसवायचे?

खरा पेच इथे आहे. उपचार सहा-आठ आठवड्यांचे, फेरतपासणी ठरावीक दिवसांनी आणि कुटुंब मात्र फडाबरोबर हलणारे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस काम बुडाले की खाडा लागतो. अशा वेळी दवाखान्यात दिवस घालवण्यापेक्षा ट्यूब परवडते, असा हिशेब कोणीही करेल. पण तो हिशेब हंगाम संपेपर्यंत उलटतो. एकाचे गजकर्ण कोपीतल्या सगळ्यांचे होते.

यावर कॅलेंडरच कामी येऊ शकते. नागपंचमी ते दसरा हे अंतर साधारण नऊ आठवड्यांचे असते. पावसाळ्यात गजकर्ण वाढतेही. नागपंचमीच्या सुमारास घरातील सर्वांनी एकदम दाखवून औषध सुरू केले, तर निघण्याआधी पूर्ण उपचार होऊ शकतात. आधी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि गरज पडल्यास बीडचे जिल्हा रुग्णालय, हा मार्ग जवळचा आहे. निघेपर्यंत उपचार संपले नाहीत, तर चिठ्ठीचा आणि औषधांच्या पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. कारखाना परिसरातील सरकारी दवाखान्यात तो दाखवला, की तेच उपचार पुढे चालू ठेवणे सोपे जाते.

घरात काय पाळावे?

चट्टे दिसेनासे झाले तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवावे. साधारणपणे त्वचा स्वच्छ दिसू लागल्यानंतरही निदान दोन आठवडे ते लागते. घरात ज्यांना चट्टे आहेत, त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत. एकाचा बरा आणि दुसऱ्याचा तसाच राहिला, तर तो परत येणारच.

टॉवेल, अंथरूण, अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत. गळालेल्या खपल्यांतील बीजाणू कपड्यांवर महिनोनमहिने तग धरतात. म्हणून रुग्णाचे कपडे वेगळे, शक्य असेल तेव्हा कडक पाण्यात धुवावेत आणि उलटे करून उन्हात वाळवावेत. दमट कपडे अंगावर चढवू नयेत. आंघोळीनंतर जांघा, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. घट्ट जीन्स आणि नायलॉनऐवजी सैल सुती कपडे बरे.

कंबरेचा करदोडा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घामाने भिजलेला तो धागा दिवसरात्र त्वचेला चिकटून असतो. कंबरेभोवती चट्टे असतील, तर उपचार पूर्ण होईपर्यंत तो काढून ठेवावा आणि नंतर नवा बांधावा. परकराची नाडी रोज त्याच जागी घट्ट बसते, तिथेही हेच घडते. नाडी रुंद आणि सैल असावी, ती परकराबरोबर रोज धुतली जावी.

खाज थांबणे म्हणजे बरे होणे नव्हे, एवढे कळले तरी अर्धे काम होते. पुढच्या वेळी मेडिकलच्या काउंटरवर ‘खाजेवरची ट्यूब द्या’ असे म्हणण्याआधी ती खाज कशाची आहे, हे डॉक्टरांकडून जाणून घ्यावे. आणि घरात आधीची अर्धी वापरलेली ट्यूब पडून असेल, तर तिच्यावरची नावे आजच वाचून पाहावीत.